औषधाचे भय आणि औषधाचा अभाव

कंपवाताच्या रुग्णाला त्याचे मुख्य औषध लवकर सुरू करावे की शक्य तितके पुढे ढकलावे, हा प्रश्न वरवर पाहता दवाखान्याच्या चार भिंतींतला आहे. तज्ज्ञांनी तो आपापसांत सोडवावा आणि इतरांनी त्यात पडू नये, असेच कोणालाही वाटेल. परंतु गेल्या अर्धशतकात या प्रश्नाभोवती जे भय साचत गेले, त्याची किंमत तज्ज्ञांनी मोजलेली नाही. ती रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी मोजली आहे. अवघडलेल्या शरीराने, हातातून सुटलेल्या कामाने आणि घराच्या कोपऱ्यात काढलेल्या वर्षांनी. म्हणूनच या भयाचा पाया कितपत भक्कम आहे, याची तपासणी जाहीरपणे होणे अगत्याचे आहे.

हे भय कशाचे? पार्किन्सनचा आजार म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या या व्याधीत हातापायांना कंप सुटतो, शरीर ताठरते, हालचाली मंदावतात. लेव्होडोपा नावाचे औषध दिले की ताठरपणा सैलावतो आणि रुग्ण पुन्हा चालू-फिरू लागतो. मात्र काही वर्षांनी अनेकांच्या बाबतीत एक निराळीच अवस्था उद्भवते. गोळीचा अंमल चढला की मान डोलू लागते, खांदे वळवळतात, हातपाय आपोआप नाचू लागतात. वैद्यकात याला डिस्कायनेशिया म्हणतात. हा रोगाचा मूळचा कंप नव्हे. औषधाच्या अंमलाखाली येणाऱ्या या अनैच्छिक हालचाली आहेत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार ४ ते ६ वर्षांच्या उपचारानंतर सुमारे ४० टक्के रुग्णांत त्या दिसू लागतात. एस.टी.च्या रांगेत अशा अवस्थेत उभ्या असलेल्या माणसाला लोक दारुडा समजतात, मुले त्याची नक्कल करतात, आणि तो माणूस हळूहळू बाहेर पडणेच सोडून देतो.

या रोगाला ज्याचे नाव मिळाले तो जेम्स पार्किन्सन लंडनच्या हॉक्स्टन या वस्तीत वैद्यकी करणारा गृहस्थ होता. १८१७ साली त्याने आपला सुप्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातील सहा रुग्णांपैकी काहींना तर त्याने केवळ रस्त्यात पाहिले होते. हाच पार्किन्सन तरुणपणी सामान्य जनतेला पार्लमेंटात प्रतिनिधित्व मिळावे म्हणून टोपणनावाने पत्रके लिहीत असे. १७९४ साली राजाच्या हत्येच्या कथित कटाच्या चौकशीत त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे साक्षीसाठी उभे राहावे लागले होते. रस्त्यावरच्या माणसाचे दुःख पाहण्याची नजर आणि रस्त्यावरच्या माणसाचा हक्क मागण्याची वृत्ती या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत नांदत होत्या, हे आज या रोगाची चर्चा करणाऱ्यांनी विसरू नये.

पार्किन्सननंतर दीडशे वर्षे या रोगावर परिणामकारक उपाय नव्हता. तो सापडला त्या वाटेवर एक भारतीय वनस्पती उभी आहे. सर्पगंधेच्या मुळीतून काढलेले रेसर्पिन हे रसायन रक्तदाबावर वापरले जात होते. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली ते सशांना दिले, तेव्हा ससे दगडासारखे निश्चल झाले. त्यांना डोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामिन या द्रव्याचे स्वतंत्र महत्त्व त्यातून प्रकाशात आले. पुढे व्हिएन्नात ओलेह हॉर्निकेविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी करून त्यांत डोपामिनची तीव्र उणीव असल्याचे १९६० साली दाखवून दिले. डोपामिन रक्तातून थेट मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तेथे त्याचे डोपामिन होते. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियास यांनी हळूहळू वाढवलेल्या मोठ्या मात्रांनी रुग्णांना अंथरुणातून उठवले, आणि एका नव्या युगाचा प्रारंभ झाला.

पण त्याच युगाच्या उंबरठ्यावर अनैच्छिक हालचालीही उभ्या होत्या. कॉट्झियास यांच्या १९६९ च्या अहवालातच त्यांची नोंद आहे. त्यातून एक समजूत रूढ झाली. औषधाचा प्रभाव ठराविक वर्षेच टिकतो. ते जितके लवकर सुरू करावे तितक्या लवकर ते रुग्णावर उलटते. तेव्हा ते जपून, राखून, शेवटच्या काळासाठी ठेवावे. पुरवून खाण्याच्या शिधासारखा हा हिशेब होता. अनेक रुग्णांनी तो मनोभावे पाळला. काम करण्याची, मुलांचे शिक्षण पुरे करण्याची, संसार उभा ठेवण्याची जी वर्षे होती तीच त्यांनी औषधाविना किंवा अपुऱ्या औषधावर काढली. पुढच्या दिवसांसाठी आजचे दिवस गहाण टाकण्याचाच हा प्रकार होता.

या समजुतीची कसोटी लागली ती श्रीमंत देशांच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर आफ्रिकेच्या दारिद्र्यात. घाना या देशात रुग्णांना लेव्होडोपा उशिरा मिळत असे. कोणा तज्ज्ञाने ते राखून ठेवले म्हणून नव्हे. ते सहजी मिळतच नव्हते म्हणून. इटालियन व घानातील संशोधकांनी तेथील ९१ रुग्णांची तुलना इटलीतील रुग्णांशी केली आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. इटलीत औषध रोगाच्या प्रारंभापासून सरासरी २.४ वर्षांनी सुरू झाले होते, घानात ४.२ वर्षांनी. राखून ठेवण्याचा सिद्धांत खरा असता, तर घानातील रुग्णांत अनैच्छिक हालचाली तितक्याच उशिरा यायला हव्या होत्या. तसे घडले नाही. रोगाच्या प्रारंभापासून मोजले तर दोन्ही देशांत त्या जवळजवळ एकाच सुमारास आल्या. रोग किती जुना आहे आणि रोजची मात्रा किती मोठी आहे, या दोन गोष्टींशी त्यांचा संबंध दिसला; औषध किती वर्षे घेतले, या गोष्टीशी तसा संबंध दिसला नाही. घानातील रुग्णांना औषधाविना काढलेल्या वर्षांचा मोबदला म्हणून काहीही मिळाले नव्हते.

पुढे नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना लेव्होडोपा तत्काळ देण्यात आले, उरलेल्यांना ४० आठवडे उशिरा. २०१९ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत, ८० आठवड्यांच्या अखेरीस, दोन्ही गटांतील अनैच्छिक हालचालींच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. याचा अर्थ औषध सर्वस्वी निर्दोष आहे असा मात्र नाही. २००४ सालच्या अमेरिकेतील चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी १६.५ टक्के रुग्णांत ४० आठवड्यांच्या आतच या हालचाली दिसल्या होत्या. मात्रा मोठी तर धोका मोठा, हे सत्य आहे. ब्रिटनमधील १६२० रुग्णांच्या चाचणीत लेव्होडोपाने उपचार सुरू केलेल्या गटात या हालचाली इतर औषधांच्या तुलनेने अधिक आढळल्या. तरीही त्या गटाचे दैनंदिन जीवन किंचित का होईना, सरसच राहिले, असे २०१४ साली दिसून आले. तात्पर्य, प्रश्न औषध द्यावे की देऊ नये हा नाही. ते किती, कसे आणि कोणत्या देखरेखीखाली द्यावे, हा आहे.

या हालचाली मुळात उद्भवतात कशा, हे समजल्याशिवाय हा मुद्दा पुरता ध्यानात येणार नाही. निरोगी मेंदूत डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी ते साठवून ठेवतात आणि बेताबेताने सोडतात. गावाला भरलेले तळे असावे, आणि पाटाचे आवर्तन मागेपुढे झाले तरी शेताला पाणी संथपणे मिळत राहावे, तशी ही व्यवस्था असते. रोग वाढतो तसे हे तळे गाळाने भरून जाते. मग शेत पूर्णपणे आवर्तनावर विसंबते. पाणी आले की पूर, गेले की भेगा. लेव्होडोपाचे रक्तातील प्रमाण तास-दीड तासात निम्म्यावर येते. साठवणारी पेशीच उरली नसल्याने प्रत्येक गोळीचा चढ आणि उतार जसाच्या तसा मेंदूत उमटतो. सेरोटोनिन बनवणाऱ्या दुसऱ्याच पेशी लेव्होडोपाचे डोपामिन करून ते अनिर्बंधपणे सोडून देतात, हे २००७ साली स्वीडनमध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. तेव्हा गोळी हे कारणाचे एक टोक आहे. दुसरे टोक खुद्द रोगात आहे.

अलीकडच्या संशोधनाने यापुढचे पाऊल टाकले आहे. मेंदूचा अमुक भाग बिघडला म्हणून अमुक लक्षण, अशी विचारसरणी दीर्घकाळ चालत आली. १९९५ साली भारतीय वंशाचे संशोधक भारत बिस्वाल व त्यांचे सहकारी यांनी दाखवले की माणूस स्वस्थ पडून असतानाही हालचालींशी संबंधित असे मेंदूचे दूरदूरचे भाग एका लयीत कार्यरत असतात. एम.आर.आय. यंत्राने रक्तातील प्राणवायूचे सूक्ष्म चढउतार टिपून ही लय मोजता येते. मेंदूच्या भागांमधील हा अनुबंध हाच तेव्हापासून अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला.

कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१४ साली याच यंत्राचा उपयोग करून एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. रात्रभर औषध बंद ठेवून सकाळी रुग्णांना लेव्होडोपाची मात्रा देण्यात आली आणि खुणेनुसार बटण दाबण्याचे किंवा दाबणे टाळण्याचे काम सांगण्यात आले. ज्या रुग्णांत थोड्या वेळाने अनैच्छिक हालचाली सुरू होणार होत्या, त्यांच्या मेंदूत त्या हालचाली दिसण्याच्या आधीच पुटामेन या खोल भागात आणि हालचालींची आखणी करणाऱ्या पुढच्या भागात अतिरिक्त चलबिचल दिसली. तीही विशेषतः हात आवरून धरायचा असताना. इटलीतील एका गटाने २०१५ साली दाखवले की अशा रुग्णांत औषधाच्या अंमलाखाली, कृती रोखून धरण्याच्या कामी येणाऱ्या उजव्या कपाळामागील भागाचा हालचालींच्या केंद्राशी असलेला अनुबंध क्षीण होतो आणि पुटामेनशी असलेला वाढतो. त्या भागाला बाहेरून चुंबकीय स्पंदने दिली असता अनैच्छिक हालचाली काही प्रमाणात ओसरल्या. सारांश, या रुग्णाचा मेंदू हालचालीची आज्ञा देतो; तिला आवर घालणारा दुवा मात्र औषधाच्या भरतीत सैल पडतो.

हे अभ्यास थोड्या रुग्णांवरचे आहेत. रंगीत चित्रात दिसणारा अनुबंध म्हणजे सिद्ध झालेले कारण नव्हे, आणि त्यांतून रोज वापरता येईल असा उपचार अजून हाती आलेला नाही. ही मर्यादा मान्य करूनही त्यांतून एक नैतिक निष्कर्ष निश्चितपणे निघतो. ज्याचा आवरणारा दुवाच सैल झाला आहे, त्याला स्वतःला आवर असे सांगणे निरर्थक आहे. त्या माणसाच्या हालचालींत ना दुर्बल मनाचा दोष आहे, ना औषधाच्या चटकेचा. ज्या समाजाला आंधळ्याची काठी कळते, त्याला हेही कळायला हवे.

उपाय नाहीत असेही नाही. मात्रा लहान करून दिवसातून अधिक वेळा देणे, जेवणातील प्रथिने औषधाच्या शोषणात आडवी येतात म्हणून गोळीची व जेवणाची वेळ सांभाळणे, या गोष्टींना पैसा लागत नाही. लागतो तो समजावून सांगणाऱ्या डॉक्टरचा वेळ. मूळची फ्ल्यूवरची गोळी असलेले अमँटाडीन अनेकांच्या अनैच्छिक हालचाली कमी करते. वृद्धांना तिने भास होऊ शकतात, म्हणून देखरेख हवी. त्यापुढे मेंदूत विद्युत्‌शलाका बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. १९८७ साली फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद यांनी आरंभलेली ही पद्धत आज भारतातील मोठ्या शहरांतही उपलब्ध आहे, पण तिचा खर्च अनेक लाखांत जातो. आटलेल्या तळ्याला खरे उत्तर म्हणजे अखंड धार. पोटातून नळीने किंवा त्वचेखालून पंपाने औषध सतत देण्याची साधने निघाली आहेत. त्वचेखालून देण्याच्या लेव्होडोपाच्या एका रूपाला अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली. परंतु विज्ञानाने दिलेले उत्तर आणि रुग्णाच्या हाती पडणारे उत्तर यांच्यामध्ये खिशाची भिंत उभी आहे.

या भिंतीचा विस्तार लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोक या रोगाने ग्रस्त होते. लेव्होडोपा व कार्बिडोपा यांची जोडगोळी संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, भारताच्या राष्ट्रीय यादीतही आहे. तरी अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ती सर्वत्र मिळत नाही, हे संघटनेनेच नमूद केले आहे. यादीत नाव असणे आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गोळी असणे यांत अंतर असते, हे महाराष्ट्रातील कोणाही ग्रामीण माणसाला पटवून द्यावे लागत नाही. ज्या रोगात गोळी अर्धा तास चुकली तरी माणूस जागच्या जागी खिळतो, त्या रोगात महिन्याचा साठा संपणे म्हणजे महिनाभराचा कारावास होय.

गोळीच्या भयाने काहीजण खाजकुइलीच्या चूर्णाकडे वळतात, तेही या संदर्भात विचारात घेतले पाहिजे. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच दाखवले. मुंबईत अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवातावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध केला. हा अभिमानाचा वारसा आहे. पण बाजारातल्या डबीवर वनस्पतिजन्य असे छापल्याने आतले लेव्होडोपा निराळे होत नाही. मात्रा न मोजता ते घेणारा, गोळीही चालू ठेवून घेणारा, ज्या हालचालींना भ्यायला त्याच ओढवून घेतो. भयावर उतारा म्हणून अज्ञान विकले जाते, तेव्हा नफा विक्रेत्याचा आणि भोग रुग्णाचा असतो.

कायद्याची स्थितीही पाहण्यासारखी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत पार्किन्सनच्या आजाराचा समावेश केला. ही दीर्घ प्रतीक्षेनंतर आलेली न्याय्य गोष्ट आहे. परंतु तोडलेला पाय सकाळी जसा असतो तसाच संध्याकाळी असतो. या रोगाचे तसे नाही. गोळीच्या अंमलाखाली मंडळापुढे चालत गेलेला रुग्ण त्या घटकेला धडधाकट भासतो, दोन तासांनी त्याला खुर्चीतून उठता येत नाही, आणि मधल्या वेळात अनैच्छिक हालचालींनी हातातला पेला सांडतो. एका घटकेच्या तपासणीवर टक्के ठरवणारी पद्धत या माणसाला न्याय देऊ शकत नाही. दिवसाचे चढउतार मोजणारा निकष ठरवणे हे अवघड काम नाही. रुग्णाने भरलेली दिवसाची नोंद वैद्यकात पूर्वीपासून वापरली जाते. तिला प्रमाणपत्राच्या नियमांत स्थान देण्यास कोणते शास्त्र आड येते?

कामाच्या ठिकाणचा प्रश्नही याच जातीचा आहे. गोळीच्या वेळेनुसार कामाची वेळ थोडी मागेपुढे केली, तर लेखनिक, शिक्षक, शिंपी कित्येक वर्षे काम करू शकतो. कारखान्याचा भोंगा मात्र औषधाचे वेळापत्रक ओळखत नाही. संघटित कामगाराला निदान रजा मागता येते. हातगाडीवाल्याला, बिगारी कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला ती कोणाकडे मागावी हाही प्रश्नच असतो. त्यांच्यापैकी अनेकांच्या आजाराचे निदानच होत नाही. म्हातारपण म्हणून तो सोडून दिला जातो.

औषधापायी येणाऱ्या या हालचाली गौण आहेत असे कोणी म्हणू नये. त्या थकवतात, वजन उतरवतात, घास तोंडापर्यंत पोचू देत नाहीत. तरीही खिळून पडणे आणि हालत राहणे यांत निवड करायची वेळ आली, तर असंख्य रुग्ण हालत राहणेच पत्करतात. ती निवड त्यांची आहे. ती भीतीपोटी दुसऱ्या कोणी त्यांच्या वतीने करू नये, आणि दारिद्र्यापोटी ती त्यांच्यावर लादलीही जाऊ नये. जिल्हा रुग्णालयात या औषधांचा अखंड पुरवठा, महिन्यातून ठरलेल्या दिवशी मज्जाविकारतज्ज्ञाची भेट, प्रमाणपत्राच्या नियमांत दुरुस्ती आणि औषध सुरू करताना रुग्णाला त्याच्या भाषेत दिलेली पुरी माहिती, या चार मागण्या कोणत्याही शासनाच्या आवाक्यातल्या आहेत. मेंदूतील सैल पडलेले दुवे जोडण्याची विद्या पुढेमागे हाती येईल. रुग्ण आणि त्याचे औषध यांच्यातला तुटलेला दुवा जोडण्यासाठी मात्र नव्या शोधाची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.